ओल्या फडक्याची पिढी

आमच्या घरातल्या सत्तरी गाठलेल्या बायकांना जमीन म्हटलं की आधी पाणी आठवतं. आम्ही चुलत-मावस बहिणी, जावा, नणंदा, सगळ्या १९५० च्या मागेपुढे जन्मलेल्या. जमीन आम्ही शेणपाण्यानं सारवली, बादल्या ओतून धुतली, ओल्या फडक्यानं पुसली. माती गेली, दगड आला, सिमेंट आलं, चकचकीत टाइल्स आल्या, पण हातातलं ओलं फडकं सुटलं नाही. आता आमच्या मुलांच्या, पुतण्या-भाच्यांच्या घरी लॅमिनेटची जमीन आली आहे आणि तिला पाणीच सोसत नाही. आयुष्यभराचा हात एकदम आवरायचा, हे आमच्यापैकी एकीलाही सोपं गेलेलं नाही.

पुतण्यानं बाणेरच्या घरी दोन खोल्यांत ही जमीन बसवून घेतली तेव्हा आम्ही आळीपाळीनं तिथे जाऊन बसत होतो. पुतण्या आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. काम चालू असताना घरात कुणी मोठं माणूस हवं. धाकटे दीर, म्हणजे आमचे भावजी, सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. मुलाच्या घरचं काम म्हणून तेही रोज हजर. फिटर पट्ट्या बसवत होता आणि आमच्यात एकेका जुन्या जमिनीची आठवण निघत होती. ऐकता ऐकता मला जाणवलं, की या नव्या जमिनीचे बरेचसे नियम आम्हाला लहानपणीच कुणी ना कुणी शिकवून ठेवले होते. ते मातीवर आणि दगडावर शिकवले होते, एवढाच फरक.

थोरली मावसबहीण, आम्ही तिला माई म्हणतो, बोलायला लागली की आजोळापासूनच सुरुवात करते. संगमेश्वराकडचं ते घर. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे मातीची भुई. भुई एकदा केली आणि झालं, असं तिथे नसायचं. कुठे पोपडे सुटले, खड्डा पडला, की तेवढा भाग खणायचा, ढेकळं फोडायची, मुरूम मिसळायचा, पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी धुमसानं ठोकून वरून चोपण्यानं सपाट करायचं. माती फार ओली असली तर चोपण्याला चिकटते, फार कोरडी असली तर ठोकताना तिचा भुगा होतो. मामी मूठभर माती हातात दाबून बघायची आणि सांगायची, आज चालेल, किंवा आज नको. पुढचं खळं तर दरवर्षी नव्यानं करायचं, पावसाळा सरला आणि जमीन वाळली की.

सारवण्यात आम्ही नाती हाताशी असायचो. शेण ताजं हवं. त्यातल्या काड्या वेचायच्या, पाणी घालून ते हातानं ओढता येईल इतपत सैल करायचं. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत यायचं. हाताचा अर्धगोल ओढायचा, दुसरा अर्धगोल पहिल्यावर जरा चढवायचा, मध्ये कोरडी जागा सुटता कामा नये. वाळल्यावर ते अर्धगोल भुईवर उमटून राहत आणि आज कोणी सारवलंय ते त्यांच्याकडे बघून सांगता येई. मामीचे अर्धगोल मोठे आणि सारखे. माईचे लहान, घाईचे. दुपारच्या पंगतीनंतर उष्टी काढून तेवढ्या जागेवर शेणगोळा फिरायचा. चुलीपाशी रोज पोतेरं. सणाच्या आदल्या दिवशी सगळं घर. हे सगळं ओणव्यानं आणि गुडघ्यावर. मामीचे गुडघे पुढे इतके धरले की तिला जमिनीवर बसता येईना. ती भुई आम्हाला प्रिय आहे, तिचा गारवा आणि ओला वास आजही हवासा वाटतो, पण तो गारवा कोणाच्या गुडघ्यांवर उभा होता हे सांगितल्याशिवाय त्याची आठवण काढू नये असं मला वाटतं.

पावसाळ्यात भुईचा जीव कासावीस व्हायचा. जोत्यातून ओल वर चढायची, सारवलेलं वाळायचं नाही, भिंतीच्या कडेला भुई फुगून यायची. मग तिथे राख पसरायची, गोणपाट टाकायचं. आणि मामी बजावायची, आत ओल असेपर्यंत वरून सारवू नका, नाहीतर पोपडाच निघेल.

हेच वाक्य आम्ही बाणेरच्या घरी भावजींच्या तोंडून ऐकलं. लॅमिनेटच्या खाली काँक्रीट असो की जुन्या टाइल्स, खाली ओल असेल तर वरची पट्टी फुगणार. भावजींनी काम सुरू व्हायच्या आधी खोलीत दोन-तीन ठिकाणी पॉलिथिनचा कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करून ठेवला होता. एक-दोन दिवसांनी कागद उचलून बघायचा. आतल्या बाजूला दव जमलेलं दिसलं किंवा खालची जागा काळपट झाली, तर ओल आहे. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीजवळचा कागद दमट निघाला. तिथला पाइप झिरपत होता. तो दुरुस्त होऊन जागा कोरडी होईपर्यंत काम थांबलं. पुतण्या जरा कुरकुरला, पण त्याच्या वडिलांपुढे त्याचं काही चाललं नाही.

माझं माहेर पुण्यातलं, नारायण पेठेतला वाडा. तिथे शहाबादी फरशी होती. कलबुर्गीजवळच्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड, करडा, थोडी निळसर झाक असलेला. खाणीत तो थरांथरांनी असतो, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. सोलापूर-वाडी लोहमार्गामुळे तो महाराष्ट्रात घरोघर पोचला. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही त्याच्यावर काही न अंथरता आडव्या व्हायचो. सागरगोटे खेळायला तर त्याच्यासारखी जागा नाही, मातीच्या भुईवर गोटा असा उसळत नाही. आजीचा मात्र एक कडक नियम होता. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, ताक, काहीही आंबट सांडलं की तिथल्या तिथे पुसायचं. चुनखडीला आंबट खातं, वरची झिलई जाऊन पांढुरका डाग पडतो आणि मग तो कितीही घासला तरी निघत नाही. त्यामागचं रसायनशास्त्र आजीला ठाऊक नव्हतं, डाग कसा पडतो ते ठाऊक होतं.

दिवाळीआधी सगळं सामान चौकात काढून फरशी धुतली जायची. बादल्या ओतायच्या, खराट्यानं घासायचं आणि पाणी मोरीकडे लोटायचं. फरशीचा ढाळ मोरीकडे काढलेला असल्यामुळे पाणी कुठे साचत नसे. तो ढाळ इतका बेताचा, की ताट ठेवलं तर वाटीतली आमटी कलंडत नसे. तसा ढाळ काढणारा गवंडी फार मानाचा माणूस.

आणि मग पानशेत. १२ जुलै १९६१. धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आम्ही शाळकरी मुलं, मोठ्यांनी हाताला धरून पर्वतीकडच्या नातेवाइकांकडे नेलं. परत आलो तेव्हा वाड्यात घोट्याच्या वर गाळ होता. आळीतले मातीच्या भिंतींचे काही वाडे बसले होते. खडकवासल्याचं धरणही फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं, वाड्यातल्या विहिरीत गाळ भरलेला. थोडं थोडं पाणी आणून, खोऱ्यानं गाळ ओढून, आई, काकू आणि आजी यांनी ती फरशी वर काढली. दगडाला काही झालं नव्हतं. त्याच्या सांध्यांमधला चुना मात्र वाहून गेला होता आणि काही फरश्या खाली बसल्या होत्या, पाय पडला की डुगडुगायच्या. वडिलांना घाई होती, पण गवंड्यानं नाही म्हणून सांगितलं. फरश्या उचलून ठेवल्या, खालचा भराव उन्हापावसाच्या खेळात जमेल तसा वाळवला, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा थर दिला, पाणसळीनं बघून एकेक फरशी बसवली आणि मग सांधे भरले. तोपर्यंत आम्ही फळ्या टाकून त्यांच्यावरून चालत होतो. त्या फरश्या पुढे वाडा पाडेपर्यंत हलल्या नाहीत.

पाणसळीचा हा किस्सा मी बाणेरला सांगितला तो योग्य वेळी. फिटरनं दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून खाली फट कुठे दिसते ते बघायला घेतलं होतं. दोन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखल असेल तर लॅमिनेट बसवू नये असा नियम आहे. खाली पोकळी राहिली, तर चालताना पट्टी दबते, करकरते आणि हळूहळू तिची खोबण तुटते. आधीच्या टाइल्सही त्यानं ठोकून पाहिल्या. ज्या पोकळ वाजल्या त्या काढून पुन्हा पक्क्या केल्या. वर काहीही घाला, खालचं हलत असेल तर ते वर कळतंच.

लग्नानंतर आम्ही कोथरूडच्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा मोझॅकचा जमाना होता. त्या काळच्या बहुतेक पुणेकर आणि मुंबईकर मध्यमवर्गाचं घर मोझॅकवरच उभं राहिलं. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून, यंत्रानं दाबून केलेली ती टाइल. मुंबईजवळ उरणला भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना १९२२ मध्येच स्वदेशीच्या भावनेनं निघाला होता. आमच्या वाट्याला ही टाइल १९७० नंतर आली. तिची खरी मजा घासाईत. टाइल्स बसवून, पाणी मारून, सिमेंट पक्कं झालं की पॉलिशचं यंत्र यायचं. त्याला कार्बोरंडमचे दगड, आधी खरखरीत, मग बारीक. पाणी सोडत यंत्र फिरायचं आणि सगळ्या घरात करड्या सिमेंटची राड व्हायची. बारीक छिद्रं भरायची, पुन्हा घासायचं आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पुडीनं चकाकी आणायची. त्या राडीखालून खडीचे काळे, पिवळे, हिरवे ठिपके वर आलेले पाहिले की डोळे निवायचे.

पण आता ते दृश्य आठवलं की माझं लक्ष दुसरीकडेच जातं. ती घासाई करणारी पोरं अनवाणी त्या राडीत उभी असायची. पाण्यातून विजेची वायर गेलेली, तिला मध्येच चिकटपट्टी गुंडाळलेली. पायात गमबूट नाहीत, हातात मोजे नाहीत. कडेच्या टाइल्स कोरड्या कापल्या जायच्या तेव्हा पांढऱ्या धुळीत माणूस दिसेनासा व्हायचा. दगड-सिमेंटच्या त्या बारीक धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं निकामी होतात. आम्ही त्यांना चहा दिला, पाणी दिलं, काम छान झालं म्हणून सांगितलं. तोंडाला रुमाल बांध रे बाबा, एवढं म्हणण्याची जाण त्या वेळी सोसायटीत कोणालाच नव्हती.

म्हणून बाणेरला माझा हट्ट त्या बाबतीत होता. लॅमिनेटची पट्टी कापताना निघणारी धूळ फार बारीक, पिठीसारखी असते आणि त्या पट्टीत लाकडाचे तंतू रेझिननं चिकटवलेले असतात. कापण्याचं काम खोलीत नाही, गॅलरीत. तोंडावर नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा. पातं बदलायचं तर आधी प्लग काढायचा. करवत फिरत असताना सैल बाह्या आणि लोंबणारे हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. फिटर चांगला मुलगा होता, त्यानं सगळं ऐकलं. त्याच्याकडे गुडघ्यांना बांधायच्या गाद्या होत्या. त्या बघून माई म्हणाली, "आमच्या मामीला या मिळाल्या असत्या तर." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पट्ट्या घेतानाही सूनबाईनं फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, ई-१ वर्गाचा माल मागितला होता आणि काम झाल्यावर पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या.

मोझॅकनंतर स्पार्टेकच्या टाइल्स आल्या, मग दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. त्यांच्याविषयी आमच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. पुसायला सोप्या, ओल्या झाल्या की घसरायला भयंकर.

लॅमिनेटची मुळं मात्र आम्हाला वाटलं त्यापेक्षा जवळची निघाली. स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीनं १९७७ मध्ये ही जमीन शोधून काढली, म्हणजे आमच्याकडे मोझॅकची घासाई चालली होती तेव्हा. त्या कंपनीचा आधीपासूनचा एक धंदा टेबलांवर आणि कपाटांवर चिकटवायच्या पत्र्यांचा, ज्याला आपण घरोघर सनमायका म्हणतो तसल्या. तीच कल्पना त्यांनी पायाखाली आणली. मध्ये लाकडाचे तंतू दाबून केलेली घट्ट फळी, तिच्यावर लाकडाच्या रेघा छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर, ज्यात अल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण असतात. खालून आणखी एक थर, फळी वाकू नये म्हणून. तेव्हा आपण ज्याच्यावर चालतो ते खरं लाकूड नसून लाकडाचा छापलेला फोटो आहे, हे भावजींनी समजावलं तेव्हा धाकटी जाऊ हिरमुसली. मला त्यात उणं काही वाटलं नाही. छापील कागद झिजण्यापासून वाचवायला इतकी युक्ती लढवली आहे, तर तो जपायला हवा, एवढंच. कारण ही जमीन मोझॅकसारखी पुन्हा घासून नवी करता येत नाही. वरचा थर गेला की पट्टीच बदलायची.

या पट्ट्या खाली चिकटवत नाहीत, खिळेही मारत नाहीत. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत तिरकी घालून दाबली की ती टक् करून बसते. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात निघाली. त्यामुळे सगळी जमीन सुटीच, खाली अंथरलेल्या फोमवर नुसती टेकलेली. हवेत दमटपणा वाढला की ती पसरते, कमी झाला की आक्रसते. त्यासाठी चारी भिंतींशी साधारण दहा मिलिमीटरची फट सोडतात. काम चालू असताना त्या फटीत पाचरी घालून ठेवतात, शेवटी काढून घेतात आणि स्कर्टिंगनं फट झाकतात. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. माल आणला की लगेच बसवायचाही नाही. खोकी त्याच खोलीत आडवी, न उघडता, निदान दोन दिवस ठेवायची, म्हणजे पट्ट्यांना तिथली हवा लागते. शेजारच्या दोन ओळींचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, तीस सेंटिमीटरचं तरी अंतर हवं. भिंतीतलं जड कपाट पट्ट्यांवर उभं करायचं नाही, जमीन त्याच्यापर्यंत आणून थांबवायची, नाहीतर तिथे ती जखडली जाते आणि दुसरीकडे उचलते.

फट सोडण्याचं महत्त्व पावसाळ्यात कळलं. जुलैमध्ये सूनबाईचा फोन आला, गॅलरीच्या दारापाशी जमीन वर आली आहे, पाय ठेवला की खाली-वर होते. भावजी आणि फिटर दोघं गेले. तिथे पट्ट्या दगडी उंबऱ्याला अगदी भिडवून घेतल्या होत्या, मध्ये जागाच नव्हती. पावसाळी हवेत पट्ट्या पसरल्या, त्यांना पुढे सरकायला वाट मिळाली नाही, म्हणून त्या वर उचलल्या. शेवटची ओळ काढून कड तासली, फटीवर धातूची पट्टी बसवली आणि काही दिवसांत जमीन आपोआप खाली बसली.

आता राहिलं फडकं. आधी कोरडा केर, तोही मऊ ब्रशनं किंवा मायक्रोफायबरच्या सपाट मॉपनं, कारण वाळूचा एक कण पायाखाली फिरला तरी ओरखडा उठतो. मग गरज असेल तरच पुसायचं, फडकं इतकं पिळून की पुसल्यावर जमीन मिनिटभरात वाळली पाहिजे. आमच्या हाताला पाण्याची सवय. मोझॅक पुसायच्या पाण्यात थोडं रॉकेल घालायचं, मुंग्या येत नाहीत आणि लादी चमकते, हे आम्ही आमच्या आयांकडून घेतलेलं. फिनेल तर सगळ्यांकडेच. लॅमिनेटवर यातलं काहीच नको. फिनेलचा आणि साबणाचा पांढुरका थर बसतो, मेण लावलं तर घसरायला होतं, वाफेच्या मॉपनं सांध्यातून वाफ आत शिरून कडा फुगतात. कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनाही ते पटायला वेळ लागला. पाण्याशिवाय पुसलं म्हणजे कामात कुचराई केली, असं त्यांना वाटायचं. मी त्यांना बाजूला काढून ठेवलेला, कड फुगलेला एक तुकडा दाखवला आणि बोट फिरवून बघायला लावलं. मग पुन्हा सांगावं लागलं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते देवाचं. आपलं सगळं देवकार्य जमिनीवर आणि पाण्यात. समई जमिनीवर, रांगोळी जमिनीवर, अभिषेकाचं पाणी ताम्हनातून ओघळणार, पायांवर पाणी घालून ओवाळणार. माझी एक चुलतबहीण इंग्लंडमध्ये राहते, तिच्या घरी ही जमीन आमच्या कितीतरी आधी आली. तिनं तिकडे करून पाहिलेल्या गोष्टी फोनवर सांगितल्या. समई मोठ्या पितळी परातीत ठेवायची. तेल ओघळलं तरी परातीत आणि जळकी वात पडली तरी परातीत. निखारा किंवा पेटती काडी पडली तर वरचा थर तपकिरी होतो, तो डाग जात नाही. रांगोळी पाटावर किंवा काळ्या दगडी फरशीच्या तुकड्यावर काढायची, कारण रांगोळी ही दगडाचीच पूड, पायानं पसरली की घासकागदाचं काम करते. गणपतीला चौरंगाखाली जाड कापड आणि विसर्जनाच्या आरतीनंतर लगेच कोरडं पुसून घ्यायचं. तिच्याकडे हिवाळ्यात बुटांना लागून बर्फ आणि मीठ येतं, म्हणून दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी. आमच्याकडे पावसाळ्यात छत्र्या. त्यांच्यासाठी बाहेर बादली.

म्हाताऱ्या माणसांचंही सांगायला हवं. या जमिनीवर सुती मोजे घालून चालणं धोक्याचं. माईच्या काठीचं रबर झिजलं होतं, ते आधी बदललं. सुटी चटई घसरते, म्हणून तिच्याखाली न घसरणारी जाळी घातली. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या. त्या जमिनीसाठी लावल्या, पण खुर्ची ओढण्याचा आवाज बंद झाल्यामुळे भावजींची दुपारची झोपही सुधारली.

एक बदल मात्र आम्ही सगळ्यांनी मनापासून नोंदवला. बाणेरच्या घरात रविवारी जमीन पुतण्या पुसतो. मॉप लांब दांड्याचा, ओणवं व्हायला लागत नाही, आणि कोणत्या दिशेनं पुसायचं, कुठे फट आहे, कोणती ओळ पुन्हा बसवली आहे, हे त्याला बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. आमच्या आठवणीत पोतेऱ्याला पुरुषाचा हात लागलेला नाही. वाड्यात नाही, आजोळी नाही, सोसायटीत नाही. माई त्याला मॉप फिरवताना बघत बसली होती. पुसून झाल्यावर तिनं त्याला जवळ बोलावलं आणि आपल्या पर्समधला खाऊ काढून दिला, लहानपणी द्यायची तसा.

स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरासमोर टाइल्सच ठेवल्या आहेत, ते सूनबाईनं आधीच ठरवलं होतं. उरलेल्या पट्ट्यांचं एक खोकं दिवाणात आडवं ठेवलं आहे. एखादी पट्टी खराब झालीच, तर जवळच्या भिंतीकडून ओळी सोडवत यायच्या, ती बदलायची आणि पुन्हा बसवत जायचं. पुढे त्या रंगाचा माल बाजारात मिळेलच असं नाही.

आता संगमेश्वराकडच्या घराचं काम निघालं आहे. मामेभाऊ मुंबईत राहतो, मे महिन्यात नातवंडांना घेऊन तिकडे राहायचं त्याच्या मनात आहे. बाणेरची जमीन बघून त्यानं तिथेही लॅमिनेट घालू का म्हणून विचारलं. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हटलं. मातीचं जोतं, पावसाळ्यात चार महिने घर बंद, भिंतीतून ओल, आणि वर कोकणातली वाळवी, तिला लाकडाचे तंतू म्हणजे जेवणच. ओटीवर लाल कोबा, माजघरात शहाबादी आणि पडवी मातीचीच, असं ठरलं. माती कोण सारवणार, हा प्रश्न माईनं काढला. मामेभाऊ म्हणाला, शेजारच्या वहिनींना विचारतो, रीतसर पैसे देऊन आणि लांब दांड्याचं काही साधन जमतं का तेही बघतो. काम दिवाळीनंतर सुरू होईल, तोवर जोत्यातलं पाणी उतरेल. भावजींनी पॉलिथिनचा कागद आणि चिकटपट्टी आताच त्याच्याकडे देऊन ठेवली आहे.